लहान मुलांची झोप आणि न सोसणारं दूध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्मे तरी रात्री दोन-तीनच्या सुमाराला टाईप केलेले असतात. मूल खांद्यावर, एका हातात फोन, आणि वाक्यं अर्धवट. मी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ‘दुधामुळे तर झोपत नसेल ना?’ हे इतक्यांदा विचारलं गेलंय की उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. हे पान १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान बाळांचं गणित वेगळं. घाईत असाल तर आधी प्रश्न ४ आणि ५ वाचा. दूध प्यायल्यावर मुलाच्या अंगावर गांधी उठत असतील किंवा ओठ सुजत असतील तर प्रश्न ६ सगळ्यांत आधी.

१. ताई, दुधामुळे मुलाची झोप खरंच बिघडते का?

बिघडू शकते. पण आपल्याला वाटतं तितक्या वेळा नाही.

दूध काही थेट झोपेवर घाला घालत नाही. पोटात गुबारा धरतो, आंबट पाणी घशाशी येतं, शी खड्यासारखी होते, नाहीतर अंगाला खाज सुटते, आणि त्या त्रासाने मूल जागं होतं. दिवसा खेळण्याच्या नादात तेच मूल हे सगळं विसरलेलं असतं.

बेल्जियममध्ये, ब्रसेल्सला, डॉ. आंद्रे कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ आणि १९८९ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केले. रात्र रात्र जागणाऱ्या काही लहान मुलांचं गाईचं दूध त्यांनी बंद केलं. काही आठवड्यांत झोप सुधारली, दूध परत दिल्यावर पुन्हा बिघडली. ही गोष्ट आता ‘दूध बंद करा, मूल झोपेल’ अशा रूपात फोनवरून फिरते. त्यातला महत्त्वाचा भाग वाटेत गळून पडतो: ज्या मुलांच्या जागण्याला दुसरं काही कारण सापडलं, त्यांना आधीच बाजूला काढलं होतं. उरलेली मुलं मोजकी होती. म्हणजे दुधाकडे ते शेवटी वळले. आपण सुरुवातच तिथून करतो.

२. ‘लॅक्टोज इनटॉलरन्स’ आणि ‘दुधाची ॲलर्जी’ एकच ना?

नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचा पाया हाच आहे, म्हणून थोडं थांबून वाचा.

लॅक्टोज ही दुधातली साखर. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. ते कमी पडलं की साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आणि पोट फुगतं, गुडगुडतं, आंबूस वासाची पातळ शी होते. त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो. शिवाय हा प्रकार प्रमाणावर असतो: अर्धी वाटी सोसते, पेलाभर सोसत नाही.

ॲलर्जी असते दुधातल्या प्रथिनांची, केसिनची आणि व्हे प्रथिनांची. तिथे शरीराची संरक्षणव्यवस्थाच दुधाला शत्रू समजते. तिचे दोन प्रकार. एक तडकाफडकी: काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी, उलटी, सूज, धाप. दुसरा रेंगाळणारा: काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी पोट आणि कातडी कुरबुर करू लागतात. झोपेच्या तक्रारींत मुरलेला असतो तो बहुधा हा दुसरा प्रकार, आणि तोच ओळखायला सगळ्यांत अवघड.

साखरेवरचा उपाय प्रथिनावर चालत नाही. लॅक्टोज-फ्री दुधात प्रथिनं सगळी असतात. ॲलर्जी असलेल्या मुलाला ते ‘हलकं दूध’ म्हणून दिलं जातं, ही नेहमीची चूक.

३. आमच्या सासरी कुणालाच दूध पचत नाही. दीड वर्षाच्या मुलीलाही तेच असेल का?

इतक्या लवकर सहसा नसतं. घराण्यातून येतो तो प्रकार असा की लॅक्टेज वयाबरोबर कमी होत जातं. ही घसरण साधारण दोन-तीन वर्षांनंतर सुरू होते आणि त्रास जाणवायला बहुधा पाच वर्षं तरी उलटावी लागतात. जन्मतःच लॅक्टेज नसणं हा अतिशय दुर्मीळ आजार आहे. तो असता तर अंगावरच्या दुधानेही पहिल्या आठवड्यातच जोरदार जुलाब झाले असते, कारण आईच्या दुधात लॅक्टोज गाईच्या दुधापेक्षा जास्त असतं: १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ७ ग्रॅम, गाईच्यात सुमारे ५.

तेव्हा दीड वर्षाच्या मुलीला दूध बाधतंय असं दिसलं तर दोनच शक्यता आधी तपासा. नुकतेच जुलाब होऊन गेलेत का (प्रश्न १०), किंवा प्रथिनाची ॲलर्जी आहे का (प्रश्न ४). आजोबांच्या पोटाचा इथे संबंध नाही.

४. रात्री उठतो तो दुधामुळेच, हे ओळखायचं कसं?

आधी घड्याळ बघा. लॅक्टोजचा त्रास प्यायल्यापासून अर्ध्या ते दोन तासांत जाणवतो. नऊला दूध पिऊन झोपलेलं मूल साडेदहाला पाय पोटाशी घेऊन रडलं, वारा सरल्यावर शांत झालं, तर संशयाला जागा आहे. तेच मूल पहाटे चारला उठत असेल तर नऊच्या पेल्यावर आळ घेण्यात अर्थ नाही. रेंगाळणाऱ्या ॲलर्जीत मात्र घड्याळाचा उपयोग होत नाही. सोमवारची खीर बुधवारी रात्री बाधू शकते, त्यामुळे ‘काल दूध नव्हतं तरी उठला’ यावरून काहीच ठरत नाही.

मग दिवस बघा. दूध खरंच बाधत असेल तर ते नुसतं रात्री बाधत नाही. दिवसा खुणा सोडतं. वारंवार आव पडणं, शीमध्ये रक्ताचा धागा, ढुंगण सतत लाल, कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत न हटणारा इसब, दूध प्यायल्यावर वारंवार ओकणं, वजनाचा आलेख आडवा पडणं. आणि एक खूण लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे बद्धकोष्ठ. इटलीत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात औषधांनीही मोकळी न होणारी ६५ मुलं घेतली होती. गाईच्या दुधाऐवजी सोयाचं दूध दिल्यावर त्यांतल्या ४४ जणांचं कोठं सुटलं. चार दिवस शी न झालेलं मूल रात्री शांत झोपेल कसं?

दिवसाची एकही खूण नाही आणि फक्त रात्री उठतं, असं असेल तर दूध बहुतेक निर्दोष असतं. मग दुसरीकडे बघा. उचलल्याबरोबर गप्प होतं? त्याचं पोट दुखत नाही, त्याला तुम्ही हवे आहात. झोपल्यावर दोनेक तासांत किंचाळतं, डोळे उघडे पण ओळखत नाही, सकाळी काही आठवत नाही? ते झोपेतलं दचकणं. तोंड उघडं टाकून घोरतं? नाकामागच्या गाठी वाढल्यात का, ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारा. ढुंगण खाजवतं? जंत.

हे शेवटचं मी स्वतःच्या अनुभवाने लिहितेय. माझी लेक दोन वर्षांची असताना रोज रात्री तळमळायची. मी आहारतज्ज्ञ, त्यामुळे मला आहारच दिसला. तीन आठवडे दूध बंद, नाचणी, तीळ, सगळा थाट. शेवटी सासूबाईंनी रात्री बॅटरी घेऊन बघितलं आणि पांढऱ्या दोऱ्यासारखे कृमी दाखवले. एका औषधात काम झालं. त्या अजून हे पाहुण्यांना सांगतात.

५. दूध बंद करून बघायचंय. किती दिवस आणि कसं?

आधी प्रश्न ६ वाचून तुमचं मूल त्यात बसत नाही याची खात्री करा, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

संशय लॅक्टोजचा असेल तर दूध बंद करूच नका. त्याच पेल्यात, त्याच वेळी, तितकंच लॅक्टोज-फ्री दूध द्या, दोन आठवडे. चव किंचित गोड लागते, पण बहुतेक मुलं कुरकुर करत नाहीत. या युक्तीचा फायदा असा की झोपण्याआधीचा सगळा क्रम तोच राहतो. नुसतं दूध काढून घेतलं की पेला गेला, मांडी गेली, सवय गेली. मग झोप बिघडली किंवा सुधारली ती कशामुळे, हे कसं कळणार?

संशय प्रथिनाचा असेल तर दूध आणि दुधाचं सगळंच बंद, दोन ते चार आठवडे. अर्धवट बंद केलं तर काहीच कळत नाही (काय काय बंद, ते प्रश्न ७ मध्ये). सर्दी-ताप, दाढा येणं, प्रवास, नवं पाळणाघर, घरात नवं बाळ यांपैकी काही चालू असेल तर पुढे ढकला. एका वेळी एकच बदल.

नोंद ठेवा. त्यासाठी ॲप लागत नाही. स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर, ज्याच्यावर आपण दुधाचे खाडे मांडतो, तेच घ्या. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी केलेली नोंद मी आता सगळ्यांना दाखवते. चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात नात किती वाजता झोपली, मध्ये किती वेळा उठली तितक्या उभ्या रेघा, खाली शी कशी झाली त्याचं एक अक्षर: ‘घ’ घट्ट, ‘प’ पातळ, ‘ब’ बरी. आणि ज्या दिवशी शेजारच्यांनी पेढा भरवला त्या दिवशी लाल फुली. पहिल्या आठवड्यात रेघा पाच-सहा, तिसऱ्या आठवड्यात एक-दोन. लाल फुलीनंतरच्या दोन दिवशी परत चार. त्या कॅलेंडरवरून डॉक्टरांना जे कळलं ते अर्ध्या तासाच्या बोलण्यातून कळलं नसतं.

आणि मग दूध परत सुरू करायचं. हो, सुरू करायचंच. ते प्रश्न १४ मध्ये.

६. घरच्या घरी हा प्रयोग कुणी करू नये?

दुधानंतर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, घरघर किंवा धाप, एकाएकी लुळं पडणं, यांपैकी काहीही एकदा जरी झालं असेल तर. तसंच दूध प्यायल्यावर एक ते चार तासांनी भराभर उलट्या होऊन मूल पांढरंफटक आणि मलूल झालं असेल तर. अशा मुलांचं दूध बंद ठेवा आणि तज्ज्ञांना दाखवा. परत देऊन बघणं फक्त रुग्णालयात. धाप लागली असेल तर त्या क्षणी जवळचं रुग्णालय किंवा १०८. घरगुती उपाय शोधत बसू नका.

वजन वाढत नसलेल्या किंवा आधीच फार कमी खाणाऱ्या मुलाचं दूधही स्वतःच्या मनाने तोडू नये.

७. ‘दुधाचं सगळं बंद’ म्हणजे नेमकं काय काय?

दूध, दही, ताक, लोणी, साय, पनीर, चीज, खवा, श्रीखंड, खरवस हे तर दिसतंच. खरवसाबद्दल मुद्दाम: चिकाच्या दुधात प्रथिनं साध्या दुधापेक्षा बरीच जास्त असतात, तेव्हा ‘एकच वडी’ हा सगळ्यात वाईट अपवाद.

न दिसणारं जास्त फसवतं. बिस्किटं, टोस्ट, खारी, पाव, दुधात मिसळायच्या चॉकलेटी पावडरी, काही वेफर्सवरचा मसाला. कणकेत घातलेली मलई. दुधात भिजवलेली दशमी. कढीतलं ताक आपल्या लक्षात राहतं, पण दह्यात मुरवलेल्या चिकनचं विसरतो. तूप कढवल्यावर भांड्यात उरलेली बेरी साखर घालून नातवंडांना भरवायची पद्धत अजून आहे. ती बेरी म्हणजे जळलेलं दुधाचं प्रथिनच.

पाकीटबंद पदार्थांवर दूध असल्याचं लिहिणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल-नियमांनुसार बंधनकारक आहे. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिन, केसिनेट हे शब्द शोधा. पाकिटावर ‘नॉन-डेअरी’ लिहून आत केसिनेट असू शकतं, म्हणून पुढची बाजू वाचून समाधान मानू नका. कोपऱ्यावरच्या बेकरीत लेबल नसतं; तिथे विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर घेऊ नका.

लॅक्टोजपुरता संशय असेल तर एवढा जाच नको. प्रश्न ८ पाहा.

८. दही, ताक, तूप तरी चालेल ना?

लॅक्टोजचा त्रास असेल तर बहुधा चालतं. विरजणाचे जिवाणू बरंचसं लॅक्टोज खातात आणि उरलेलं पचवायला मदतही करतात. चक्क्यातून पाणी निथळतं त्यात आणखी थोडं जातं. घट्ट चीजमध्ये ते नावालाच असतं, तुपात जवळपास नसतंच. उलट खवा आणि दूध पावडर म्हणजे आटवलेलं लॅक्टोज. पावडरीच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त तेच असतं.

प्रथिनाची ॲलर्जी असेल तर दही-ताक बंद. विरजल्याने केसिन काही नाहीसं होत नाही. तूप नीट कढवून गाळलेलं असलं तरी प्रथिनाचा अंश राहू शकतो, म्हणून चाचणीच्या त्या आठवड्यांत तेही नको. नंतरचं नंतर.

९. म्हशीचं सोडून गाईचं दिलं तर? ए-टू? शेळीचं?

लॅक्टोज सगळ्यांत आहे, थोड्याफार फरकाने सारखंच. म्हशीचं ‘जड’ वाटतं ते स्निग्धांशामुळे: गाईच्या दुधात ४ टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या दुधात ६-७. दूधवाल्याचा रतीब बदलल्यावर पोट हलकं झालं असेल तर त्याचं श्रेय तिथे आहे.

ॲलर्जीत तर अजिबात उपयोग नाही. गाय, म्हैस, शेळी यांची प्रथिनं एकमेकांसारखी इतकी आहेत की एकाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना दुसरंही बाधतं. ए-टू दुधात केसिनचा एक उपप्रकार वेगळा असतो, बाकी सगळी प्रथिनं तीच. दुप्पट दराने तीच ॲलर्जी विकत घेण्यात शहाणपण नाही. शेळीच्या दुधात फोलेटही (रक्त तयार व्हायला लागणारं एक जीवनसत्त्व) फार कमी असतं. आणि उकळल्याने ॲलर्जी जाते का, हेही विचारलं जातं: नाही, केसिन उकळीला दाद देत नाही.

१०. जुलाब थांबून आठवडा झाला, पण दूध दिलं की परत पातळ शी आणि रात्रभर रडणं. काय करू?

या वयात खराखुरा लॅक्टोजचा त्रास सगळ्यांत जास्त दिसतो तो इथेच. जुलाबात आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि लॅक्टेज त्याच अस्तराच्या टोकावर असतं. अस्तर भरून आलं की लॅक्टेजही परत येतं. बहुतेक मुलांत दोन ते चार आठवड्यांत, कधी थोडं जास्त. तोवर पेल्याऐवजी दही-भात, ताक, हवं तर लॅक्टोज-फ्री दूध. अंगावर पीत असेल तर ते चालूच ठेवा. डॉक्टरांनी झिंकचं औषध १४ दिवस सांगितलं असेल तर जुलाब थांबले म्हणून पाचव्या दिवशी बंद करू नका, ते पूर्ण करा.

प्रत्येक जुलाबानंतर दूध तोडायचं असा याचा अर्थ नाही. तक्रार नसेल तर नेहमीचं दूध चालू राहू द्या. आणि महिनाभराने आठवणीने पूर्वीवर या. ‘तेव्हापासून दूध बंदच आहे’ असं सांगणारी चार वर्षांची मुलं माझ्याकडे येतात.

११. अजून अंगावर पितो. मी दूध-चहा सोडला तर तो झोपेल का?

लॅक्टोजसाठी सोडत असाल तर काही उपयोग नाही. तुमच्या दुधातलं लॅक्टोज तुमच्या शरीरातच तयार होतं. तुम्ही वर्षभर दुधाचा थेंब घेतला नाहीत तरी ते तितकंच राहील. तुम्ही खाल्लेल्या गाई-म्हशीच्या प्रथिनांचा अंश मात्र अंगावरच्या दुधात उतरतो. तेव्हा मुलाला ॲलर्जीच्या ठळक खुणा असतील तर डॉक्टर तुम्हालाही काही आठवडे दुधाचं बंद करायला सांगू शकतात, आणि मग तुमच्या कॅल्शियमचीही सोय करायला हवी. नुसत्या झोपमोडीसाठी आईला उपाशी पाडू नका. घरातले सल्ले देणारे चहा पीत असतात, हे मी पाहिलंय.

१२. बाटली घेतल्याशिवाय झोपतच नाही, रात्री दोनदा उठून मागतो. म्हणजे दूध सोसतंय ना?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दूध न सोसण्यापेक्षा दूध जास्त होणं हा दोष असतो.

हिशेब करा. संध्याकाळी २०० मिलिलिटर, झोपताना २४०, रात्री दोनदा १८०. झाले ८००. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ३५० ते ५०० पुरे. इतकं दूध पोटात असताना मूल दिवसा जेवेल कशाला? दिवसा जेवत नाही म्हणून रात्री भूक, रात्री भूक म्हणून बाटली, बाटलीमुळे सकाळी भूक नाही.

दुधात लोह जवळजवळ नसतं, आणि जेवणाची जागा दुधाने घेतली की लोह कुठूनच येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली ६ ते ५९ महिन्यांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. लोह कमी पडलेलं मूल झोपेत अस्वस्थ असतं. पाय आपटतं, अंथरुणभर फिरतं. आईला वाटतं पोटात दुखतंय. एवढं दूध पिणाऱ्या आणि झोपेत पाय झाडणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघायला डॉक्टरांना जरूर सांगा. जास्त दुधाने कोठाही जड होतो आणि तोंडात बाटली ठेवून झोपल्याने वरचे पुढचे दात किडतात, ते वेगळंच.

बाटली एकदम हिसकू नका. दर दोन-तीन रात्रींनी ३० मिलिलिटर कमी करत या. संध्याकाळचं जेवण थोडं आधी आणि थोडं भरीव करा: मऊ वरण-भात, भाज्या घातलेली खिचडी, अंडं चालत असेल तर अंडं. दूध बाटलीतून पेल्यात आणा आणि ते दात घासण्याआधी संपवा. पहिल्या चार-पाच रात्री वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवते.

१३. रक्ताची किंवा शीची तपासणी करून एकदाचं कळत नाही का?

तडकाफडकी ॲलर्जीसाठी त्वचेवरची टोचणी-चाचणी आणि रक्तातील आयजीई (ॲलर्जीत वाढणारी प्रतिपिंडं) उपयोगी आहेत, तेही लक्षणांच्या जोडीने. रेंगाळणाऱ्या प्रकारात या दोन्ही बहुधा स्वच्छ येतात, त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे ॲलर्जी नाही असं होत नाही. लॅक्टोजसाठी शीची आम्लता आणि त्यातली न पचलेली साखर बघतात, पण शी ताजी हवी. शेकडो पदार्थांची आयजीजी (दुसऱ्याच प्रकारची प्रतिपिंडं) तपासणी करून देणारी महागडी पॅकेजेस असतात. ते पैसे वाचवा. आयजीजीवरून ॲलर्जी ठरत नाही.

शेवटी निकाल देतो तो प्रश्न ५ मधला प्रयोग.

१४. दूध बंद केलं, पोरगी झोपायला लागली. आता परत देऊन विषाची परीक्षा कशाला?

कारण तुम्ही अजून अर्धीच परीक्षा घेतलीय. तीन आठवड्यांत या वयाच्या मुलात बरंच काही बदलतं. दाढ बाहेर येते, सर्दी ओसरते, पाळणाघर अंगवळणी पडतं. त्यातल्या कशाने झोप सुधारली हे दूध परत दिल्याशिवाय कळणार नाही. परत दिल्यावर तोच त्रास आला तर दोष सिद्ध. नाही आला तर मुलीचं दही, पनीर, वाढदिवसाचा केक, सगळं विनाकारण हिरावलं जाण्यापासून वाचलं.

प्रश्न ६ मध्ये न बसणाऱ्या मुलांसाठी, डॉक्टरांनी होकार दिल्यावर: सकाळच्या वेळी, मूल ठणठणीत असताना, थोड्याने सुरुवात करून आठवडाभरात पूर्वीच्या प्रमाणावर या. रात्री सुरुवात करू नका. त्रास झालाच तर दिवसा दिसलेला बरा. कॅलेंडरवर रेघा चालू ठेवा. लक्षणं आली की थांबा, आठवडा पुरा करायचा हट्ट नको.

१५. चार आठवडे काटेकोर बंद ठेवलं, काहीच फरक नाही.

मग दूध निर्दोष सुटलं. परत सुरू करा, आजच. ‘थोडं अजून बघू’ म्हणत सहा महिने काढू नका. पुढचा शोध प्रश्न ४ च्या शेवटच्या भागातून.

१६. दूध खरंच बंद ठेवावं लागलं तर कॅल्शियमचं काय? नाचणी देते, पुरेल ना?

एकटी नाचणी नाही पुरत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीत १ ते ३ वर्षांच्या मुलांना दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं हे खरं, पण तुमच्या लेकाची वाटी २० ग्रॅम पिठाची असते. म्हणजे ७०. दोन वेळा दिलीत तर १४०. त्यावर चमचाभर न सोललेल्या तिळाचं कूट, आणखी ६०च्या आसपास. शेवग्याचा पाला थालीपिठात, काट्यासकट खाता येणारे बारीक मासे वाटून, असं करत आकडा वाढतो, तरी ५०० गाठायला नियोजन लागतं. कॅल्शियम घातलेलं सोया पेय बरंच ओझं उचलतं, मात्र दुधाची ॲलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाही बाधतो. बदामाचं किंवा नारळाचं दूध चवीला ठीक. त्यात प्रथिनं फार कमी. लांबचा पल्ला असेल तर औषधाच्या रूपातलं कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

१७. आजी म्हणतात, दुधात जायफळ उगाळून दे, झोपेल.

आजींचा जीव तुटतो म्हणून त्या म्हणतात. पण जायफळाची गुंगी ही औषधाचीच गुंगी आहे आणि लहान मुलात जास्त कधी होईल सांगता येत नाही. सहाणेवरचे वळसे मोजून मात्रा ठरत नाही. आणि दूधच बाधत असेल तर त्रास तसाच ठेवून मुलाला गुंगवण्यात काय मिळवलं? तळपायाला तेल चोळून द्यायला सांगा. आजींनाही काम मिळतं, नातवालाही बरं वाटतं.

१८. कोजागरी, सत्यनारायण, बारशी. प्रत्येक वेळी नाही कसं म्हणायचं?

लॅक्टोजचा त्रास असेल तर कोजागरीच्या रात्री दोन घोट मसाला दूध दिल्याने फार तर एक रात्र जागाल. तीही कोजागरीचीच. खुशाल द्या.

ॲलर्जी असेल तर पळीभर पंचामृतही नको. तिथे ‘बाधतं’ हा शब्द वापरू नका. बाधण्यावर आपल्याकडे प्रत्येकाकडे उतारा असतो. ‘डॉक्टरांनी बंद केलंय’ म्हणा. ‘इतकुश्याने काय होतंय’ हे वाक्य तरी येईलच. मी आयांना सांगते, पिशवीत चुरमुरे आणि गुळाची वडी ठेवा. मुलाच्या हातात आधीच काहीतरी असलं की भरवणारा हात थबकतो. पाळणाघरात तोंडी सांगून भागत नाही, कागदावर लिहून डब्याच्या झाकणाला चिकटवा.

१९. हे आयुष्यभराचं आहे का?

जुलाबानंतरचं लॅक्टोजचं दुखणं आठवड्यांचं. दूध-प्रथिनाची ॲलर्जी बहुतेक मुलांत तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते. रेंगाळणारा प्रकार तडकाफडकीपेक्षा बहुधा लवकर. म्हणून दर सहा महिन्यांनी-वर्षाने डॉक्टरांच्या सल्ल्याने परत तपासायचं. मोठेपणी घराण्याचं लॅक्टोज पुढे आलं तर तो वेगळा विषय, आणि तेव्हा ताक आहेच.

२०. आम्ही लंडनला असतो. इथे ‘मिल्क लॅडर’ दिलीय: बिस्किट, मफिन, पॅनकेक असं. मुलगा यातलं काही खात नाही. आपल्या पदार्थांत बसवता येईल का?

येईल, पण तत्त्व समजून. ही शिडी म्हणजे दुधाची ॲलर्जी असलेल्या, पण प्रश्न ६ मध्ये न बसणाऱ्या मुलाला दूध पायरीपायरीने परत सुरू करण्याचा क्रम. शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर दूध अगदी थोडं असतं, पिठात मिसळलेलं असतं आणि भट्टीत बराच वेळ भाजलेलं असतं. या तिन्हींमुळे त्याची धार बोथट होते. वर चढत जाल तसं दूध वाढतं आणि भाजणं कमी होतं. म्हणून चमचाभर दूध पावडर घातलेली, ओव्हनमध्ये नीट भाजलेली नानकटाई बिस्किटाच्या जागी चालू शकते. मफिनच्या जागी दूध घातलेला रव्याचा केक, मधोमध पूर्ण भाजलेला. तव्यावरची दुधातली दशमी मात्र खालच्या पायरीवर ठेवू नका. ती भाकरी-पोळीसारखी दिसते म्हणून निरुपद्रवी वाटते, पण तिला तव्यावर दोन-तीन मिनिटंच मिळतात आणि पीठ सगळं दुधातच भिजवलेलं असतं. तिची जागा पॅनकेकची. त्याच्या वर चीज-पनीर, मग दही, आणि सगळ्यांत शेवटी पेल्यातलं दूध.

प्रमाणं तिथल्या आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या आणि नानकटाईची कृती त्यांना दाखवा. किती ग्रॅम पिठाला किती पावडर आणि किती मिनिटं भाजली, एवढंच त्यांना हवं असतं. प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबा, झोपेच्या रेघा मांडत राहा, आणि रेघा वाढल्या तर एक पायरी खाली या.